स्टेकसाठी कोळशाचं ग्रिल की गॅसचं? माझ्यापुरता निकाल झाकणाने लावला

ग्रिल घ्यायचं नक्की झालंय आणि त्यावर मुख्यतः स्टेकच करायचाय, बाकीचं जे होईल ते होईल, अशा माणसासाठी हे लिहितोय. कारण नुसतं "कोळसा चांगला की गॅस" असं विचारलं तर त्याला सरळ उत्तर नाही, चिकनसाठी वेगळं उत्तर, भाज्यांसाठी वेगळं, आणि एकदम पंधरा-वीस माणसांचे बर्गर काढायचे असतील तर आणखीनच वेगळं. स्टेकचं मागणं मात्र अगदी नेमकं असतं. बाहेरून भराभर गडद, खरपूस थर यायला हवा आणि तोवर आतलं मांस जास्त शिजायला नको. बस, एवढंच. पण नेमकं इथेच दोन ग्रिलांचं वागणं पार बदलतं.

मी आधी बरीच वर्षं गॅसवर केलं, मग कोळशाचं केटल, म्हणजे गोल, झाकणवालं ग्रिल घेतलं, आणि जुनं गॅसचं ग्रिल आता भावाकडे आहे, तिथे गेलो की चिमटा अजूनही माझ्याच हातात असतो. त्यामुळे हात दोन्हीवर बसलेला आहे. बर्नर किती, बीटीयू (म्हणजे बर्नरची ताकद) किती, जाळी किती बाय किती हे सगळं तुम्ही माहितीपत्रकात वाचलेलं असणारच, त्यात जात नाही. काटेकोर मोजमापंही माझ्याकडे नाहीत, डोळ्यांना दिसलं आणि जिभेला कळलं ते सांगतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, मान्य आहे.

आधी चवीचं उरकून घेऊ, कारण कोळशाच्या बाजूने सगळे पहिल्यांदा तेच सांगतात. "कोळशाची चव गॅसला यायची नाही." मला हे अर्धंच पटतं. कोळसा म्हणजे लाकडातलं पाणी आणि वास देणारे बहुतेक घटक आधीच जळून गेल्यावर उरलेला, मुख्यतः कार्बन. नीट फुललेल्या निखाऱ्याला स्वतःचा असा फारसा वास नसतो. आपण जिला ग्रिलची चव म्हणतो ती बहुतांशी वितळलेल्या चरबीची आणि मांसाच्या रसाची, म्हणजे ते थेंब खाली तापलेल्या कशावर तरी पडतात, त्यांचा धूर होतो आणि तो वर येऊन मांसाला लागतो. आता खाली निखारा असो नाहीतर बर्नरवरची स्टीलची पट्टी असो, थेंब चरचरणारच. गॅसच्या ग्रिलमध्ये पूर्वी यासाठी लाव्हाचे दगड असायचे, १९८५ साली वेबर कंपनीने जेनेसिस नावाचं गॅसचं ग्रिल काढलं त्यात दगडांच्या जागी तिरक्या स्टीलच्या पट्ट्या आल्या आणि पुढे तसल्या पट्ट्या सगळीकडे दिसायला लागल्या. त्या आपलं काम चोख करतात. शिवाय अडीच सेंटीमीटर जाडीचा स्टेक म्हणजे एकूण सात-आठ मिनिटांचं काम, तेवढ्यात धूर लागून लागणार किती. बायकोसमोर दोन्हीकडचे तुकडे शेजारीशेजारी ठेवले तर धुराच्या चवीवरून तिला ओळखता येत नाही, मलाही दर वेळी येतंच असं नाही. पण वरच्या थरावरून ती हमखास ओळखते. एकाचा थर दाताखाली कुरकुरतो आणि दुसऱ्याचा नुसताच तपकिरी असतो.

म्हणजे चवीचा वाद धुरापाशी न घालता त्या थरापाशी घालायला हवा.

तो थर येतो मेलार्ड रिअ‍ॅक्शनमुळे, त्या नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केलेली, प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर तापल्यावर एकमेकांशी जे काही करतात ती. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ती जोर धरते. अडचण अशी की मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या फार वर जायला तयारच होत नाही, सगळी आच पाणी उडवण्यातच जाते. पाणी उडालं की मग रंग. आणि पाणी उडवण्यात जितका वेळ जाईल तितका वेळ उष्णता आत आत शिरत राहणार. म्हणूनच स्टेक आदल्या रात्री मीठ लावून फ्रीजमध्ये जाळीवर उघडा ठेवायचा, किंवा तेवढा वेळ नसेल तर निदान पाऊण तास आधी मीठ लावायचं आणि ग्रिलवर टाकण्याआधी पेपर टॉवेलने कोरडा टिपून घ्यायचा. हे दोन्ही ग्रिलांना सारखंच लागू आहे आणि खरं सांगायचं तर ग्रिल कुठलं यापेक्षाही याने जास्त फरक पडतो, पण हे करूनसुद्धा पुढे आच कमी पडली की मेहनत वाया जाते.

आच म्हटलं की निखाऱ्याचा मोठेपणा दिसतो. कुठलीही वस्तू ५२५ अंशांच्या आसपास तापली की अंधारात मंद लाल दिसायला लागते. रात्री लाइट बंद करून गॅसच्या ग्रिलमध्ये डोकावून बघा, बर्नरच्या निळ्या ज्योती दिसतात पण त्यावरच्या पट्ट्या बहुतेक काळ्याच असतात. मग कोळशात बघा. सगळा थर नारिंगी. तो ७०० अंशांच्या वर सहज असतो, वारा लागला तर आणखी वर. आणि तापलेली वस्तू समोर जी धग फेकते ती तापमानाबरोबर नुसती सरळ वाढत नाही, केल्विनमधल्या (म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून येणाऱ्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे ८०० अंशांचा पृष्ठभाग ४०० अंशांच्या तेवढ्याच पृष्ठभागापेक्षा सहापटीच्या आसपास धग देतो. दुप्पट नाही, सहापट. कोळशाच्या ग्रिलवर हात धरला की दोन सेकंदांत मागे घ्यावा लागतो तो यामुळे, तिथली हवा फार गरम असते म्हणून नाही. गॅसचं काम जास्त करून गरम हवेवर आणि तापलेल्या जाळीवर चालतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते असंही गॅसच्या विरोधात सांगतात, रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण ती वाफ मागच्या फटीतून भराभर निघून जाते आणि तिने स्टेक ओला होतो असं निदान मला तरी कधी जाणवलं नाही. तो मुद्दा मी मोजत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. झाकण.

गॅसच्या ग्रिलवर स्टेक टाकलाय, आता झाकण उघडं ठेवायचं की बंद? ऐकायला किती साधा प्रश्न आहे, पण गॅसवर त्याला चांगलं उत्तर मला कधी सापडलंच नाही. झाकण उघडं ठेवलं तर आत साठवलेली सगळी गरम हवा एका झटक्यात वर निघून जाते. बर्नरला ते कळत नाही, तो आपला नॉबने ठरवून दिलेला तेवढाच गॅस जाळत बसतो. जाळी थंड पडायला लागते, त्यावर थंड मांस ठेवलेलं, मग जाळीच्या काड्यांचे गडद पट्टे उठतात आणि मधली सगळी जागा फिक्कट करडी राहते, कडेने पाणी सुटायला लागतं. फोटोत ते पट्टे फार छान दिसतात. खाताना मात्र फक्त पट्ट्यांवरच चव आहे हे लगेच कळतं, कारण मधल्या जागेला रंगच आलेला नसतो.

बरं, मग बंद ठेवा. बंद ठेवलं की आत २८०-३०० अंशांची हवा कोंडते, जाळी तापलेली राहते, खालची बाजू खरंच बरी होते. पण त्याच वेळी स्टेकची वरची बाजूसुद्धा त्या हवेत शिजत असते. म्हणजे जी बाजू अजून जाळीला लागलेलीही नाही तिच्याखालचं मांस आधीच करडं पडायला लागतं, आणि दुसऱ्या बाजूला रंग येईपर्यंत मधला गुलाबी भाग आकसून जातो. मधोमध कापून बघा, वर एक तपकिरी रेघ, तिच्याखाली पेन्सिलीएवढा जाड करडा पट्टा, मग गुलाबी, मग परत करडा. कोळशावर केलेल्या त्याच जाडीच्या स्टेकमध्ये तो करडा पट्टा जेमतेम दिसतो. दोन्ही स्टेकच्या मधोमध थर्मामीटर खुपसला तर आकडा तोच येईल, पण खाताना एक रसरशीत लागतो आणि दुसरा कोरडा.

आणि झाकण बंद असताना दिसत काही नाही. चरबी कुठे पेटलीय, कुठली बाजू पुढे गेलीय, काहीच कळत नाही, म्हणून उघडून बघायचं, उघडलं की आच गेली, परत बंद केलं की परत तापायची वाट बघायची. झाकणावरचं थर्मामीटर तर वरच्या हवेचं तापमान दाखवतं, जाळीवर काय चाललंय त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

यात भर म्हणजे मला स्टेक सारखा उलटायला आवडतो. एकदाच उलटायचा असं पूर्वी फार सांगायचे, पण दर अर्ध्या-एक मिनिटाने उलटला तर तो जास्त सारखा शिजतो आणि लवकरही होतो, कारण कुठल्याच बाजूला इतका वेळ मिळत नाही की आच खोलवर जाईल, खालची बाजू रंगत असते तेव्हा वरची थोडी निवत असते. अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटसुद्धा सांगते की जोरदार आचेवर मांस सतत उलटत राहिलं तर त्यात तयार होणारी हेटरोसायक्लिक अमाइन्स नावाची घातक रसायनं बरीच कमी होतात. म्हणजे सगळ्या बाजूंनी फायद्याचंच. पण गॅसवर दर मिनिटाला उलटायचं म्हणजे दर मिनिटाला झाकण उघडायचं. मग उलटू की आच राखू? दर वेळी दोन्हींतलं एक काहीतरी सोडावं लागायचं, आणि दर वेळी ते खटकायचं. एरवी त्या ग्रिलबद्दल माझी काही तक्रार नव्हती, आजही नाही. हेच एक.

कोळशाचं नेमकं उलट आहे. कोळशाची आच हवेवर ठरते. झाकण बंद केलं आणि छिद्रं बारीक केली की निखारे मंदावतात, झाकण काढलं की त्यांना भरपूर हवा मिळते आणि ते आणखी फुलतात. म्हणजे झाकण उघडं ठेवणं ही इथे अडचण नाही, तीच सगळ्यात जोरदार आच आहे. खालून धग, वर मोकळी हवा, हातात चिमटा, समोर स्टेक दिसतोय, वाटेल तेव्हा उलटा. गंमत बघा, केटल ग्रिल प्रसिद्ध झालं तेच मुळात झाकणामुळे. १९५२ साली वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रात तरंगत्या खुणेसाठी वापरतात त्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापून, खालच्या अर्ध्यात कोळसा आणि वरचा अर्धा झाकण असं ग्रिल बनवलं, म्हणजे वाऱ्याने आच जाऊ नये आणि धूर तोंडावर येऊ नये. जाड मांसासाठी ते झाकण मी रोज वापरतो, पण पातळ स्टेकला त्याची गरजच पडत नाही, ते बाजूला कडेला अडकवून ठेवतो.

चरबी पेटण्याचं काय? ते दोन्हीकडे होतं. कोळशावर जरा जास्त होतं हे मान्य करायला हवं, रिबआयसारखा बरगडीकडचा, भरपूर चरबीचा स्टेक टाकला की जाळ उठतोच. थोडा जाळ चालतो, पण पिवळी धुरकट ज्योत मांसाला सतत चाटत राहिली की काजळी बसते आणि कडू लागतं, तब्येतीलाही ते बरं नाही. उपाय सोपा आहे, सगळा कोळसा एका बाजूला लावायचा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची, जाळ उठला की स्टेक तिकडे सरकवायचा, अर्ध्या मिनिटात जाळ बसतो. पाणी मारू नका, राख उडून मांसाला लागते. गॅसवर जाळ उठला तर लोक घाबरून झाकण लावतात, पण मागची फट कायम उघडी असते त्यामुळे तो त्याने विझेलच असं नाही, तिथे बर्नर बंद करणं आणि मांस हलवणं हेच खरं. खाली साचलेली जुनी चरबी पेटली तर मात्र गॅसचं प्रकरण जास्त गंभीर होऊ शकतं, म्हणून तो खालचा ट्रे वेळच्या वेळी साफ झालाच पाहिजे.

आता कोळशाचे त्रास, आणि ते खरेच आहेत. चिमणी स्टार्टरमध्ये, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात, कोळसा पेटवून वरच्या तुकड्यांच्या कडांवर राखाडी साय यायला पंधरा-वीस मिनिटं जातात, मग तो ओतायचा, मग जाळी तापू द्यायची. गॅसही नीट तापवायचा म्हटलं तर दहा-पंधरा मिनिटं लागतातच, त्यामुळे घड्याळात फरक वाटतो तितका मोठा नाही, पण गॅसची ती मिनिटं तुमची असतात, नॉब फिरवून आत जाऊन कांदा चिरता येतो, कोळशाची चिमणी पेटली की तिच्याजवळ थांबावं लागतं. दुसरं म्हणजे कोळसा तुमच्यासाठी थांबत नाही. सगळ्यात जोरदार आच वीसेक मिनिटं मिळते आणि मग उतरणीला लागते. पाहुणे रस्त्यात अडकले तर गॅस बंद करून परत लावता येतो, इथे नवा कोळसा टाकून परत फुलायची वाट बघायची. तिसरं म्हणजे राख. जेवण झाल्यावर सगळी छिद्रं बंद करायची म्हणजे निखारे गुदमरून विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो, हे चांगलं, पण राखेत लपलेला निखारा बराच वेळ जिवंत राहू शकतो, म्हणून राख धातूच्या झाकणवाल्या डब्यातच, आणि पूर्ण निवल्याशिवाय कचऱ्यात नाही. मी दोन दिवस तशीच ठेवतो.

आणि जागा. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत, गॅरेजमध्ये, काचा लावलेल्या बाल्कनीत कोळशाचं ग्रिल कधीही नाही, विझत आलेलं सुद्धा आत आणायचं नाही. थंडी आहे, पाऊस आहे, कुठलीच सबब चालणार नाही. ज्या इमारतींमध्ये कोळशाला मनाई आहे तिथे तर प्रश्नच मिटला, नियम मोडून स्टेक खाण्यात अर्थ नाही, गॅस चालत असेल तर गॅस घ्या आणि खालचा तव्याचा परिच्छेद वाचा. वरच्या मजल्यावर धुराचा त्रास असणारं कुणी राहत असेल तरी तेच.

गॅसच्याही बारीकसारीक कटकटी आहेत पण त्या सवयीने सुटतात. सिलिंडर ऐन वेळी संपतो, त्यामुळे दुसरा भरलेला ठेवावा लागतो. किती उरलाय ते बघायचं असेल तर सिलिंडरच्या बाजूवर गरम पाणी ओतून वरून खाली हात फिरवायचा, जिथे पत्रा थंड लागायला लागतो तिथपर्यंत गॅस आहे. ग्रिल पूर्ण फुल्ल केलंय तरी तापतच नाही असं झालं तर बऱ्याचदा रेग्युलेटर सेफ्टी मोडमध्ये गेलेला असतो, बर्नरचे नॉब आधी उघडे ठेवून सिलिंडर झटकन उघडला की त्याला वाटतं गळती आहे, तो गॅस अडवतो. सगळं बंद करून, रेग्युलेटर काढून परत बसवून, सिलिंडर अगदी हळू उघडायचा आणि नॉब मग. जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते दर मोसमात एकदा बघायचं. आणि बरेच दिवस पडून राहिलेल्या ग्रिलच्या बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, ज्योत पिवळी किंवा वेडीवाकडी दिसली तर नळी ब्रशने साफ करून घ्या.

जाड स्टेकची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिथे गॅसला न्याय द्यायला हवा. चार सेंटीमीटर किंवा त्याहून जाड स्टेक असेल तर सरळ जोरदार आचेवर टाकण्यात अर्थ नाही, आधी आच नसलेल्या बाजूला, झाकण लावून, ११०-१२० अंशांत हळूहळू आतून ४५ अंशांपर्यंत आणायचा आणि मग शेवटी जोरदार आचेवर रंगवायचा. यातला पहिला टप्पा गॅसवर फार सुखाचा होतो. एक बर्नर मंद, बाकीचे बंद, काटा जिथे ठेवला तिथे राहतो. कोळशावर छिद्रांशी खेळावं लागतं, आधी जरा वर जातं मग खाली येतं. पण दुसरा टप्पा आला की पुन्हा तीच अडचण, शेवटच्या दोन मिनिटांत जी धग हवी ती गॅसकडे नसते, आणि कोळशावर झाकण काढून थोडं थांबलं की ती हजर. शिवाय या पद्धतीत मांस अर्धा-पाऊण तास धुरात असतं, त्यामुळे कोळशावर ओक किंवा हिकरीच्या लाकडाचा एखादा तुकडा ठेवला तर इथे चवीतला फरक खरंच कळतो, तो मी नाकारत नाही. मी ५२ ला काढतो, निवताना ५४-५५ पर्यंत चढतो, मला तोच मीडियम रेअर, म्हणजे मधे गुलाबी राहिलेला, आवडतो. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती अशी आहे, घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांच्यासाठी तेच पाळा.

गॅसच घ्यायचाय, किंवा घेतलेलाच आहे, तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे इन्फ्रारेड बर्नर असलेलं ग्रिल. त्यात गॅस सिरॅमिकच्या सच्छिद्र फरशीवर जळतो, फरशी लालभडक होते आणि खरी धग फेकते, निखाऱ्यासारखीच, झाकण उघडं ठेवून. माझी झाकणाची सगळी तक्रार तिथे जवळजवळ मिटते. फक्त ती जागा बहुतेक ग्रिलांमध्ये लहान असते, एका वेळी दोन स्टेक मावले तरी खूप, आणि आच कमी-जास्त करायला फारसा वाव नसतो, लक्ष गेलं की करपतं. दुसरी वाट स्वस्तातली, बिडाचा जड तवा. ग्रिलवर ठेवायचा, झाकण लावून पंधरा मिनिटं सणसणीत तापू द्यायचा, मग झाकण उघडं ठेवून त्यावर स्टेक. बीड उष्णता धरून ठेवतं त्यामुळे झाकण उघडल्याचा त्याला फरक पडत नाही, आणि काड्यांचे पट्टे न उठता सगळ्या बाजूला सारखा रंग येतो. भावाकडे मी आता हेच करतो आणि ते खूप छान होतं. फक्त मग चरबी खाली पडत नाही, धूर होत नाही, म्हणजे ग्रिलची म्हणून जी चव ती गेली, आणि एवढंच करायचं तर ते शेगडीवरही होतं असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

तर आठवड्यातून दोन-तीनदा, कामावरून आल्यावर पटकन काहीतरी ग्रिल करायचं असेल, घरातल्या सगळ्यांनाच ते वापरायचं असेल, त्यात स्टेक कधीतरीच, तर गॅस घ्या, मी अजिबात आडवा येणार नाही. न वापरलेल्या उत्तम कोळशाच्या ग्रिलपेक्षा रोज वापरलेलं गॅसचं ग्रिल केव्हाही बरं. पण स्टेकसाठीच घेताय, मोकळी जागा आहे, आणि निखाऱ्यांपाशी अर्धा तास उभं राहायला कंटाळा येत नाही, तर माझं मन कोळशाकडे झुकतं, आणि गॅसचं मोठं, चकचकीत मॉडेल घेण्याआधी एकदा कुणाकडे तरी कोळशावर झाकण उघडं ठेवून करून बघाच.

कोळसा घ्यायचं ठरलं तर ५७ सेंटीमीटरचं केटल पुरतं, त्यात निम्म्या बाजूला कोळसा लावून निम्मी रिकामी ठेवता येते, त्याहून लहानात ते तितकं नीट जमत नाही. कडा बिजागरीने उचलता येणारी जाळी मिळाली तर तीच घ्या, मधेच कोळसा टाकता येतो. खालची-वरची छिद्रं घट्ट बंद होतात का ते दुकानातच फिरवून बघा, ती गळकी असतील तर आच आवरणारही नाही आणि कोळसा विझणारही नाही. कोळशात ब्रिकेट, म्हणजे कोळशाचा चुरा दाबून केलेले गोळे, एकसारख्या आकाराचे असतात आणि सावकाश, एका लयीत जळतात, म्हणून जाड स्टेकला बरे. अख्ख्या लाकडाचा ओबडधोबड कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी टाकतो पण लवकर संपतो, पातळ स्टेकला मी तोच वापरतो. चिमणी काठोकाठ भरा, अर्ध्या चिमणीत स्टेकला पुरेल एवढी धग मिळत नाही. आणि लायटर फ्लुइडची बाटली घेऊच नका, तो नीट जळून गेला नाही तर त्याचा वास मांसाला लागतो, चिमणीखाली तेलात भिजवलेल्या कागदाचे दोन बोळे ठेवले की काम होतं.